पीएलसी शिकायचा आहे? लॅपटॉप उघडण्याआधी टर्मिनल पट्टी उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारे आयटीआय इलेक्ट्रिशियन आहेत. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात तीन वर्षं देखभालीचं काम करतात. मोटर, स्टार्टर, केबल यांत हात बसलेला आहे, पण पॅनेलमधल्या पीएलसीपाशी (मशीन प्रोग्रामनुसार चालवणाऱ्या छोट्या संगणकापाशी) आलं की काम थांबतं. मग बाहेरगावाहून माणूस बोलवायचा आणि तो येईपर्यंत मशीन बंद. त्यांचं विचारणं असं, की पुण्याला जाऊन क्लास करावा की इथंच शिकता येईल, आणि सुरुवात कुठल्या कंपनीच्या पीएलसीवर करावी? इंग्रजी कच्चं आहे, हीही त्यांची अडचण.

'कुठली कंपनी' हा प्रश्न आज बाजूला ठेवला तरी चालेल. तुमची खरी अडचण वेगळी आहे. मशीन बंद पडलं की दोष पीएलसीत आहे, प्रोग्राममध्ये आहे, की बाहेरच्या एखाद्या स्विचमध्ये, हे तुम्हाला सांगता येत नाही. आणि दोष बहुतेक वेळा बाहेरच असतो: सैल झालेला टर्मिनल, तुटलेली वायर, सरकलेला प्रॉक्सिमिटी (वस्तू जवळ आली की सिग्नल देणारा सेन्सर), जळालेला रिले (विजेनं चालणारा स्विच). चालू असलेल्या मशीनचा प्रोग्राम आपोआप बदलत नाही. काल चालत होतं आणि आज चालत नाही, तर प्रोग्रामवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. म्हणजे निम्मं काम तुमच्या ओळखीचंच आहे.

क्लास करावा का, हे क्लासवर अवलंबून आहे. फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. एका किटवर किती जण बसतात? वायरिंग आम्ही करायचं की आधीच करून ठेवलेलं असतं? मुद्दाम बिघाड घालून शोधायला लावता का? पडद्यावर प्रोग्राम दाखवून सर्टिफिकेट देणाऱ्या क्लासमध्ये तुमच्यासारख्या कामाच्या माणसाला फारसं नवं मिळणार नाही. एका किटवर दोघे आणि हातात स्क्रू ड्रायव्हर, असा क्लास मिळाला तर जरूर जा. नाहीतर रोज तास-दीड तास दिला तर घरच्या टेबलावर तीन-चार महिन्यांत पाया पक्का होतो.

आत काय चालतं

पीएलसी आला तोच रिलेंची पॅनेलं हटवायला. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागानं रिलेच्या जंजाळाला पर्याय मागितला आणि त्यातून डिक मॉर्ले यांच्या गटाचा 'मॉडिकॉन ०८४' पुढं आला. नवं यंत्र जुन्या इलेक्ट्रिशियनला वाचता यावं म्हणून त्याची भाषा कंट्रोल ड्रॉइंगसारखी ठेवली, तीच लॅडर. त्यामुळं इंजिनिअरपेक्षा इलेक्ट्रिशियनला लॅडर लवकर कळतो, याचं नवल वाटायला नको. (लॅडरच्या एका पायरीला सगळे 'रंग' म्हणतात. डाइंगमधल्या रंगाशी त्याचा संबंध नाही.)

फरक एकच, पण मोठा आहे. रिलेच्या पॅनेलमध्ये सगळं एकाच वेळी घडतं, पीएलसीत ओळीनं. लूमच्या ओळींमधून फेरी मारणारा जॉबर (लूमांवर देखरेख करणारा माणूस) डोळ्यांसमोर आणा. तो आधी सगळ्या लूमांकडं बघून वहीत टिपतो, मग वही बघून काय करायचं ते ठरवतो, मग हुकूम सोडतो आणि पुन्हा फेरीला निघतो. पीएलसीसुद्धा आधी सगळे इनपुट वाचतो, मग पहिल्या रंगपासून शेवटच्यापर्यंत प्रोग्राम सोडवतो आणि शेवटी सगळे आउटपुट बदलतो. याला स्कॅन म्हणतात. एक स्कॅन साधारण काही मिलिसेकंदांचा असतो. जॉबरची पाठ फिरल्यावर लूम थांबून पुन्हा चालू झालं तर त्याच्या वहीत ते येणारच नाही. पुढं वॉर्पिंगच्या (ताणा गुंडाळण्याच्या) मीटर काउंटरपाशी हाच जॉबर पुन्हा लागेल.

टेबलावर काय मांडायचं

आपल्या भागात सुटे भाग आणि सॉफ्टवेअर सहज मिळणारा लहान पीएलसी घ्या. डेल्टाचा डीव्हीपी-१४एसएस२ हे चांगलं उदाहरण आहे: ८ इनपुट, ६ आउटपुट, २४ व्होल्ट डीसीवर चालतो आणि सॉफ्टवेअर फुकट आहे. जुना मिळाला तरी चालेल, पण रिले आउटपुटचा घ्या. सोबत २४ व्होल्ट २.५ अँपिअरचा एसएमपीएस (डीसी वीजपुरवठा), त्याच्या आधी एक एमसीबी, डीसी बाजूला २ अँपिअरचा फ्यूज, हिरवं एनओ (दाबल्यावर जोडणारं) पुशबटन, लाल एनसी (दाबल्यावर तोडणारं) पुशबटन, एक मशरूम इमर्जन्सी बटन, एक सिलेक्टर, २४ व्होल्टचे चार रिले बेससह, तीन दिवे, एक ९ अँपिअरचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा रिले) आणि त्याला बसणारा, मोटरवर जास्त भार आला की ट्रिप होणारा ओव्हरलोड रिले. मोटर नको, कॉन्टॅक्टरच्या पुढं २३० व्होल्टचा बल्ब पुरे. प्रॉक्सिमिटी मात्र दोन घ्या, एक एनपीएन आणि एक पीएनपी. भंगारवाल्याकडचा डिनरेल आणि डक्ट चालेल. फेरूल आणि नंबरिंगमध्ये मात्र कंजुषी करू नका. नंबर नसलेली वायर सहा महिन्यांनी तुम्हालाच ओळखू येणार नाही.

दोन प्रॉक्सिमिटी कशाला, हा प्रश्न पडेल. तपकिरी वायर प्लस २४, निळी शून्य, काळी सिग्नल, हे दोघांचंही सारखंच. पण एनपीएन आपला सिग्नल शून्याला जोडतो आणि पीएनपी प्लसला. डेल्टावर 'एस/एस' नावाचं टर्मिनल असतं. ते प्लस २४ ला जोडलं तर एनपीएन चालतो, शून्याला जोडलं तर पीएनपी. घाईत दुकानातून चुकीच्या जातीचा आणून बसवला तर सेन्सरवरचा दिवा लागतो, पीएलसीच्या इनपुटचा दिवा लागत नाही, आणि लोक म्हणतात 'पीएलसीचा इनपुट गेला'. इनपुट धडधाकट असतो. टेबलावर ही चूक एकदा मुद्दाम करून बघा. काहीही न बिघडवता ताबडतोब सुधारता येणारी ही चूक आहे, म्हणून ती टेबलावरच झालेली बरी.

पहिला प्रोग्राम: स्टार्ट-स्टॉप, पण नीट

डेल्टात एक्स म्हणजे इनपुट, वाय म्हणजे आउटपुट. स्टार्टचं एनओ बटन एक्स ० ला, स्टॉपचं एनसी बटन एक्स १ ला, ओव्हरलोडचा ९७-९८ हा एनओ कॉन्टॅक्ट एक्स २ ला. आउटपुट वाय ० वरून २४ व्होल्टचा रिले, त्या रिलेच्या कॉन्टॅक्टवरून कॉन्टॅक्टरची ए१-ए२ कॉइल. ओव्हरलोडचा ९५-९६ कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या ओळीतच राहू द्या. पीएलसीला ट्रिपची फक्त बातमी द्यायची, मोटर वाचवायचं काम त्याच्या भरवशावर सोडायचं नाही.

रंग असा: एक्स ० आणि त्याला समांतर वाय ० चा होल्डिंग (बटन सोडल्यावरही चालू ठेवणारा) कॉन्टॅक्ट, मग एक्स १, मग एक्स २, शेवटी वाय ० ची कॉइल. प्रश्न एवढाच, की एक्स १ लॅडरमध्ये कसा काढायचा? बटन एनसी आहे म्हणून बरेच नवखे लॅडरमध्येही एनसी चिन्ह काढतात. मग स्टार्ट कितीही दाबा, मोटर लागत नाही. कारण असं, की बटन कोणी दाबलेलं नसताना त्या एनसी बटनातून २४ व्होल्ट येतच असतात. एक्स १ चा दिवा सतत पेटलेला असतो. लॅडरमधलं एनओ चिन्ह विचारतं 'हा इनपुट पेटलाय का?', आणि एनसी चिन्ह विचारतं 'विझलाय का?'. आपल्याला पेटलेला असताना चालू ठेवायचंय, म्हणून एक्स १ एनओ. एक्स २ उलट: ट्रिप झाल्यावर पेटतो, म्हणून तिथं एनसी. लॅडरमधलं चिन्ह बटनाची जात सांगत नाही, इनपुटच्या दिव्याला विचारलेला प्रश्न सांगतं. हे एकदा बसलं की लॅडर वाचायची निम्मी भीती जाते.

मग स्टॉप एनओच का घेऊ नये, प्रोग्राम सोपा होईल? कारण वायर तुटते, आणि गोदामाजवळच्या पॅनेलात उंदीर ती कुरतडतात. एनसी स्टॉपची वायर तुटली तर मशीन थांबतं आणि तुम्हाला बोलावणं येतं. एनओ स्टॉपची तुटली तर कुणालाच कळत नाही. ज्या दिवशी कुणाचा हात अडकतो आणि कोणी स्टॉप दाबतो, त्या दिवशी कळतं. त्याच कारणासाठी इमर्जन्सीचा मशरूम पीएलसीच्या इनपुटवर सोडून द्यायचा नाही. त्यानं कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा वायरनंच तुटला पाहिजे. दुसरा कॉन्टॅक्ट पीएलसीला माहितीसाठी द्या. पीएलसीच्या आउटपुट रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटू शकतो. तो चिकटला तर प्रोग्राममध्ये काहीही लिहिलं असलं तरी मोटर फिरतच राहते.

आता दिवे जाण्याचा मुद्दा. वरच्या रंगमध्ये वीज गेली की वाय ० सुटतो, आणि वीज आली तरी स्टार्ट दाबेपर्यंत मोटर लागत नाही. पण कोणी होल्डिंगऐवजी सेट-रिसेट वापरलं आणि सेट केलेला बिट (पीएलसीच्या आतली चालू-बंद खूण) लॅच्ड, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या पट्ट्यातला निघाला (डेल्टा एसएस२ मध्ये एम ५१२ ते एम ७६७ त्यातले आहेत), तर वीज आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होते. मशीनमध्ये डोकं घातलेल्या माणसाला त्याची कल्पना नसते. टेबलावर हे दोन्ही प्रकार लिहून एमसीबी पाडून बघा.

वाय ० वरून थेट कॉन्टॅक्टर का नको? पीएलसीचा आतला रिले नाजूक असतो आणि सोल्डर केलेला असतो. बेसवरचा बाहेरचा रिले दोन मिनिटांत बदलता येतो. डीसी रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा, पट्ट्याची बाजू प्लसला. २३० व्होल्टच्या कॉइलवर आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा. कॉइल सुटताना जो झटका येतो त्यानं एचएमआयचा (ऑपरेटरसमोरचा) पडदा मध्येच कोरा होणं, लॅपटॉपचा संपर्क तुटणं असले भुताटकीचे प्रकार होतात. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) असेल तर मोटर केबल आणि सिग्नल केबल एका डक्टमध्ये नेऊ नका.

जॉबरची नजर चुकते तेव्हा

वॉर्पिंग मशीनवर मोजणीच्या रोलरला एक पत्रा लावलेला असतो, समोर प्रॉक्सिमिटी, आणि पीएलसी पल्स मोजून मीटर दाखवतो. तक्रार अशी येते: सावकाश चालवलं तर मीटर बरोबर, वेग वाढवला की चुकतात. लोक प्रॉक्सिमिटी बदलतात, मग केबल बदलतात. काही उपयोग होत नाही.

हिशोब मांडा. रोलरचा घेर अर्धा मीटर आणि वेग मिनिटाला ३०० मीटर धरा. म्हणजे सेकंदाला ५ मीटर, १० फेरे, एका फेऱ्याला १०० मिलिसेकंद. पत्रा वीस अंशांचा असेल तर तो प्रॉक्सिमिटीसमोर ३६० पैकी २० भाग वेळच राहतो, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. डेल्टाच्या इनपुटला मुळात १० मिलिसेकंदांचा फिल्टर असतो, शिवाय स्कॅनचा वेळ वेगळा. एवढ्या वेळात जॉबरची पाठ वळलेलीच असते. काउंटर कमी मोजतो, म्हणजे प्रत्यक्षात सूत जास्त गुंडाळलं जातं. एक सेक्शन हळू आणि दुसरा जोरात चालवला असेल तर दोघांची लांबीच जुळत नाही. बीम संपताना उरलेला ताणा वाया जातो आणि बोल मात्र मास्टरला बसतो.

यावर दोन उपाय आहेत. स्वस्त उपाय म्हणजे पत्रा अर्ध्या चक्राचा करा: ५० मिलिसेकंद चालू, ५० बंद, सगळं आरामात वाचलं जातं. नीट उपाय म्हणजे सिग्नल हाय-स्पीड काउंटरच्या इनपुटला द्या. तो स्कॅनची वाट न बघता हार्डवेअरनं मोजतो. बारीक मोजणी हवी म्हणून एन्कोडर (एका फेऱ्यात अनेक पल्स देणारा सेन्सर) बसवायचा असेल तर हा हाय-स्पीड काउंटरचाच उपाय लागेल.

पुढचा क्रम

स्टार्ट-स्टॉपनंतर दोन मोटरींचं इंटरलॉक (एक चालू असताना दुसरी लागू न देणं), मग टायमर. डेल्टात टी ० या टायमरचा एक आकडा १०० मिलिसेकंदांचा असतो, म्हणून के ५० (पन्नास आकडे) म्हणजे ५ सेकंद. स्टार-डेल्टा (मोटर सुरू करायची पद्धत, डेल्टा कंपनीशी संबंध नाही) लिहा, पण स्टार सुटून डेल्टा लागेपर्यंत थोडी पोकळी ठेवा आणि कॉन्टॅक्टरचं एकमेकांतलं एनसी इंटरलॉक वायरमध्येही ठेवा, फक्त प्रोग्राममध्ये नको. मग काउंटर. मग सूत रंगाईच्या भांड्यासारखी क्रमवारी: पाणी भरा, तापवा, धरून ठेवा, सोडा. इथं प्रत्येक टप्प्याला एक एम बिट द्या आणि आउटपुटच्या कॉइल सगळ्या शेवटी एकेकदाच लिहा. एकच वाय ० दोन रंगमध्ये कॉइल म्हणून लिहिला तर शेवटचा रंग जिंकतो. वरचा रंग खरा असूनही आउटपुट लागत नाही, आणि माणूस तासन्‌तास वरचाच रंग तपासत बसतो.

त्यानंतर ॲनालॉग. ४-२० मिलिअँपिअरमध्ये शून्यासाठी ४ का, तर तुटलेली वायर ओळखता यावी म्हणून. ४ म्हणजे रिकामी टाकी, ० म्हणजे तुटलेली वायर. सीमेन्सच्या एस७-१२०० मध्ये ही पट्टी ० ते २७६४८ अशी दिसते. ट्रान्समीटर ० ते २०० अंशांचा असेल आणि १२ मिलिअँपिअर येत असतील, तर पडद्यावर १३८२४ आणि तापमान १०० अंश. पीटी-१०० (तापमानाचा सेन्सर) असेल तर मल्टीमीटरवर ० अंशाला १०० ओहम आणि १०० अंशाला १३८.५ ओहम. हे दोन आकडे लक्षात असले की सेन्सर खोटा की कार्ड खोटं, ते जागेवर कळतं.

कुठल्या दिशेनं जायचंय यावर पुढचं ठरेल. टॉवेल-चादरीच्या कारखान्यात शिकायला वॉर्पिंग, डाइंग, ड्रायर, पाणी शुद्धीकरण ही ठिकाणं चांगली. रॅपियर लूमच्या मागं मात्र लागू नका. त्यात बहुधा कंपनीचा स्वतःचा कंट्रोल बोर्ड असतो, तिथं लॅडर उघडून बघता येत नाही. साखर कारखान्याकडं जायचं असेल तर आपल्या जिल्ह्यात त्यांची वाण नाही. तिथं ॲनालॉग, व्हीएफडी आणि कम्युनिकेशन लवकर शिका. गळीत हंगाम संपला की ओव्हरहॉलिंगच्या काळात पॅनेल उघडी असतात, शिकायचा काळ तोच. हंगामात गव्हाण (ऊस टाकायची जागा) चालू असताना कोणी तुम्हाला हात लावू देणार नाही, आणि देऊही नये.

उद्या ड्यूटीवर मशीन बंद पडलं तर लॅपटॉपशिवाय एवढं करा. ऑपरेटरला विचारा की कुठल्या टप्प्यावर थांबलं. त्या टप्प्याला लागणाऱ्या इनपुटचा दिवा बघा. सेन्सरवरचा दिवा लागतो पण इनपुटचा लागत नाही, तर वायर किंवा सेन्सरची जात. इनपुट लागलाय पण आउटपुटचा दिवा नाही, तर दुसरी कुठली तरी अट अडली आहे: झाकणाचा स्विच, हवेचा प्रेशर स्विच, ओव्हरलोड. प्रोग्राम लागतो तो इथंच, तोही फक्त बघायला. आउटपुटचा दिवा लागलाय पण काम होत नाही, तर मल्टीमीटर घेऊन रिले, मग कॉन्टॅक्टर, मग कॉइल. फोटो सेन्सर असेल तर आधी काचेवरचे कापसाचे तंतू फडक्यानं पुसा. इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटीला तंतूंचा त्रास होत नाही, त्याच्याकडं अंतर बघा. आणि पॅनेलच्या पंख्याचा फिल्टर. बहुतेक पीएलसी ५५ अंशांपर्यंत चालतात, पण मे महिन्यात सोलापुरात बाहेरच चाळिशीच्या वर असतं. फिल्टर तंतूंनी बंद झाला की पॅनेलच्या आत काय होत असेल, ते दार उघडून तळहात ठेवला की कळतं.

इंग्रजी कच्चं आहे म्हणालात, त्यासाठी अडून राहू नका. सॉफ्टवेअरमध्ये रोज लागणारे शब्द तीस-चाळीसच्या वर नाहीत. त्यातले दोन मात्र पहिल्याच दिवशी पाठ करा. 'अपलोड' म्हणजे पीएलसीतून लॅपटॉपमध्ये आणणं, 'डाउनलोड' म्हणजे लॅपटॉपमधून पीएलसीत टाकणं. मोबाइलवर आपल्याला उलट सवय असते. चालू मशीनला केबल लावून बॅकअप घ्यायला गेलात आणि रिकामी फाइल डाउनलोड केलीत, तर प्रोग्राम पुसला जातो. डेल्टाच्या डब्ल्यूपीएलसॉफ्टमध्ये बाण दाखवलेला असतो, तो बाण पीसीकडं आहे ना, हे बोट ठेवून वाचा. बॅकअप घेताना प्रोग्रामसोबत डी रजिस्टरही घ्या. तापमान, वेळ, मीटर यांचे सेट केलेले आकडे तिथं असतात. प्रोग्राम परत टाकला आणि हे आकडे नसले, तर मशीन चालू होतं पण सुताचा रंग बिघडतो.